पायली, अधोली, शेर : 'हाफवर्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

खाडीपलीकडचा :
रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या दहा-बारा मुलांना टेकचा (TeX) मूळ प्रोग्रॅम वाचून दाखवायचं कबूल करून बसलोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डोनाल्ड क्नूथ यांचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम. पहिला अवतार १९७८चा, मग १९८२मध्ये मुळापासून नव्याने लिहिलेला. उच्चार 'टेक्स' नाही, आणि भिंतीला टेकून बसण्याशीही त्याचा संबंध नाही.

टिपा मराठीतून लिहितोय आणि सुरुवातीच्या पानांतच गाडी रुतली. वर्ड, हाफवर्ड, क्वार्टरवर्ड, कपॅसिटी, ओव्हरफ्लो, ग्लू. कोशाच्या वाटेने गेलं तर 'शब्द', 'अर्धशब्द', 'पावशब्द' होतात. तसं फळ्यावर लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, "सर, कोकणचा अर्धशब्द 'कोक' की 'कण'?" वर्ग हसला, मीही हसलो, पण तिचं बरोबर होतं. इथला वर्ड म्हणजे बोलण्यातला शब्द नव्हेच. ते माप आहे.

नेमकं काय आहे ते सांगतो. टेकची मुख्य स्मृती म्हणजे सारख्या आकाराच्या खणांची एक लांबच लांब रांग. एका खणात एक पूर्णांक राहतो, किंवा एक अपूर्णांक, किंवा दोन अर्धुकं, किंवा चार पाव, किंवा एक अर्धुक आणि दोन पाव. आत काय भरलंय, म्हणजे 'डेटा टाइप' कुठला, ते खणावर लिहिलेलं नसतं. भरणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

घरी आलो आणि माळ्यावरची आजीची पायली आठवली. पायलीच्या पोटात अधोली, अधोलीच्या पोटात शेर. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. तिच्यात तांदूळ घाला, नाचणी घाला, कुळीथ घाला, पायलीला काय त्याचं! तेव्हा माझी सूचना: मेमरी वर्ड म्हणजे पायली, हाफवर्ड म्हणजे अधोली, क्वार्टरवर्ड म्हणजे शेर. कसं वाटतं?

गुहागरची बाई :
कानाला गोड आहे. पण तुमच्या मुलांनी पायली पाहिली आहे का? माझ्या वर्गात 'शेर' म्हटलं की मुलं शेअर बाजाराकडे जातात. दशमान मापांचा कायदा १९५६चा. म्हणजे पायली हा या मुलांच्या आजोबांच्या लहानपणचा शब्द. शिवाय पायली गावोगाव वेगळी. आमच्या माहेरची आणि सासरची पायली एक नव्हती, त्यावरून लग्नात बोलणीही झाली होती. असं डगमगतं माप तांत्रिक संज्ञेला चालेल? बिट-बाइट जसे तसेच ठेवतो, तसंच वर्ड-हाफवर्ड ठेवा आणि मोकळे व्हा.

खाडीपलीकडचा :
बाई, मुलांनी पाहिलेली नाही हे मान्य. पण 'गावोगाव वेगळी' हा मुद्दा तर माझ्याच पदरात पडतो! वर्डही यंत्रागणिक वेगळा असतो. क्नूथ स्टॅनफर्डला ज्या यंत्रावर काम करत होते त्याचा वर्ड ३६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारी जागा). मग अधोली १८ बिटांची आणि शेर ९ बिटांचा. नंतर ३२ बिटांची यंत्रं आली, तिथे अधोली १६ची, शेर ८चा. म्हणून प्रोग्रॅममध्ये पक्का आकडा न घालता अट घातली आहे: शेरात निदान २५५पर्यंतची संख्या मावलीच पाहिजे, अधोलीत निदान ६५,५३५पर्यंतची. त्याहून मोठं माप तुमच्या गावात असेल तर खुशाल वापरा. तुमच्या माहेर-सासरचं भांडण क्नूथनी असं मिटवलं असतं.

आणि अधोली या शब्दाने एक गोष्ट चटकन समजावता येते. टेकच्या स्मृतीत एक खण दुसऱ्या खणाचा पत्ता सांगतो, आणि तो पत्ता अधोलीतच ठेवावा लागतो. म्हणजे पायल्यांची रांग कितीही लांब करायची म्हटली, तरी शेवटच्या पायलीचा नंबर अधोलीत मावला पाहिजे. अधोली १६ बिटांची असेल तर ६५,५३५च्या पुढे रांग नेऊन उपयोग नाही, कारण पुढच्या घरांना पत्ताच नाही. मूळ प्रोग्रॅममध्ये ही रांग ३०,०००ची धरलेली होती. आजच्या टेक लाइव्हमध्ये (टेक आणि त्याच्या सोबतच्या प्रोग्रॅमांचा संच) तोच आकडा ५०,००,००० असतो, कारण आताची अधोली ३२ बिटांची. 'अर्धशब्दात शब्दाचा पत्ता' असं म्हणून पाहा बरं. मला तरी काही कळलं नसतं.

मालवणी मसालो :
पायली बरी आसा. पण 'कपॅसिटी'क तुम्ही 'क्षमता' म्हणाल असा दिसता, ह्या माका काय पटूक नाय. (आता सगळ्यांसाठी सरळ लिहितो.) क्षमता म्हणजे अंगातली ताकद. लाँचवर 'प्रवासी क्षमता' लिहितात तेव्हाही खरं तर 'किती मावतात' एवढंच सांगायचं असतं. प्राथमिक शाळेच्या गणितात त्यासाठी चांगला शब्द आहे, धारकता. लीटर-मिलीलीटर शिकवतात तो धडा. मुलांनी तो केलेला असतो, म्हणजे बाईंचा आक्षेपही उरत नाही.

ओव्हरफ्लोचं काय करताय? अतिप्रवाह म्हणालात तर मी चर्चा सोडली.

खाडीपलीकडचा :
धारकता घेतला, आभार. अतिप्रवाह मलाही नको. पण 'उतू जाणे' आणि 'ओसंडणे' हेही नकोत, आणि त्याला कारण आहे. टेकमध्ये काही सांडतच नाही. माप भरत आलं की तो पुढचा दाणा घ्यायचंच नाकारतो, कुठलं माप भरलं आणि ते केवढं होतं ते सांगतो, आणि थांबतो. संदेश असा असतो: 'टेक कपॅसिटी एक्सीडेड, सॉरी'. तो 'सॉरी' मला फार आवडतो. सध्या मी लिहिलंय: 'टेकचं माप भरलं, माफ करा'. माप-माफ जुळलं ते आपोआप, मुद्दाम नाही. (थोडं मुद्दाम.)

पुढे मदत मागितली तर तो म्हणतो, अगदीच गरज असेल तर एखाद्या विझर्डला सांगून मला मोठं करून घ्या. विझर्डला काय म्हणू? मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची आठवते.

मालवणी मसालो :
जाणता म्हणा. आणि हा संदेश नव्हे, हे गाऱ्हाणं आहे. "बा देवा महाराजा, ह्या टेकाचा माप भरला, तेका जरा मोठा कर रे महाराजा!" बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं.

जुना जुळारी :
व्हय महाराजा. मध्येच बोलतो, चालेल ना. चाळीसेक वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. आमच्यात 'टाइप' म्हणजे खिळा, शिशाचा. तुमच्या धाग्यात 'डेटा टाइप' वाचलं आणि आधी वाटलं कुठल्या फाउंड्रीचा नवा फेस आलाय. तर बाबा रे, मला एक सांग. आम्ही पॉइंटात बोलायचो, इंचाचा साधारण बहात्तरावा भाग. बारा पॉइंटचा पायका, दोन ओळींत दोन पॉइंटचं लेड, म्हणजे शिशाची पट्टी. अर्ध्या पॉइंटाच्या खाली आमचा हात जायचा नाही. तुझ्या टेकचं सगळ्यात बारीक माप कुठलं? आणि सगळ्यात मोठं?

खाडीपलीकडचा :
काका, तुम्ही बोलावं म्हणून तर इथे लिहिलं!

बारीक माप म्हणजे स्केल्ड पॉइंट. एका पॉइंटाचे ६५,५३६ भाग, त्यातला एक. तुमच्या ओळीतली प्रत्येक लांबी टेक या कणांच्या पूर्ण संख्येत मोजतो, अपूर्णांक नाहीच. हिशेब केला तर एक कण साधारण ५.३६ नॅनोमीटरचा येतो. हिरव्या प्रकाशाची एक लहर भरायला असे शंभरेक कण लागतील. डोळ्याला याचा काही उपयोग नाही, उपयोग वेगळाच आहे: पूर्णांकांची बेरीज कुठल्याही यंत्रावर सारखीच येते, म्हणून ओळ रत्नागिरीत जिथे तुटेल तिथेच स्टॅनफर्डलाही तुटते. (याला मी 'कोळवं' म्हणणार होतो, शेराचा आठवा हिस्सा. पण शेर आधीच दुसऱ्या कामाला लावलाय, मुलं गोंधळतील. 'कण' पुरे.)

मोठ्या मापाची गोष्ट मी अनुभवाने शिकलो. आमच्या वाडीच्या शिमग्याचा कापडी फलक करायचा होता, वीस फुटी. म्हटलं टेकमध्येच करू, अक्षरं देखणी येतील. पानाची रुंदी २४० इंच लिहिली आणि पहिल्याच फटक्याला 'डायमेन्शन टू लार्ज'. मदत मागितली तर म्हणाला, सुमारे १९ फुटांपेक्षा मोठ्या मापाशी मला काम करता येत नाही. पालखी चार दिवसांवर, आणि हा एका फुटासाठी अडून बसला! शेवटी दहा फुटी फाइल केली आणि छापणाऱ्याला सांगितलं, दुपटीने काढ. फलक चांगला झाला. खाली माझं नाव मात्र दुपटीने मोठं आलं, त्यावरून अजून ऐकतोय.

त्या १९ फुटांमागचं गणित असं. ३२ बिटांच्या पूर्णांकात दोन अब्जांच्या वर संख्या मावते, पण टेक लांबीला त्याच्या निम्मंच माप देतो: १,०७,३७,४१,८२३ कण, म्हणजे १६,३८४ पॉइंटांना एक कण कमी, म्हणजे ५.७६ मीटरच्या आसपास. निम्मं का? दोन मोठ्यात मोठ्या लांब्या एकात एक ओतल्या तरी बेरीज पूर्णांकात राहावी म्हणून. लांब्यांच्या बेरजा-वजाबाक्या करताना टेक दर वेळी सांडलं का ते तपासत नाही. भांडंच अर्धं रिकामं ठेवलंय.

गुहागरची बाई :
हे अर्धं रिकामं ठेवणं मला आवडलं. तांदूळ धुवायच्या टोपासारखं. एक विचारते: या धारकता फक्त स्मृतीच्याच का?

खाडीपलीकडचा :
नाही, प्रत्येक गोष्टीची वेगळी. मूळ आकडे: टाइपफेस ७५, आज्ञांच्या नावांसाठी जागा २,१००, अक्षरमाळा ३,०००, त्यांतली एकूण अक्षरं ३२,०००. अक्षरमाळांची साठवण अबोलीच्या वळेसरासारखी: सगळी अक्षरं एकाला एक लागून, मध्ये फट नाही, आणि कुठली माळ कुठे सुरू होते त्याची यादी वेगळी. वाचायच्या ओळीची धारकता ५०० बाइट (बाइट म्हणजे ८ बिट). आपल्याला ही फार तोकडी, कारण युटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची आजची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. ५००त जेमतेम १६६ चिन्हं, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. हल्ली हे सगळे आकडे वाढवलेले असतात.

एक मर्यादा मात्र मुलांना समजवावी लागली नाही. एका परिच्छेदात चुकांची शंभरी भरली की टेक म्हणतो, शंभर चुका झाल्या, पुन्हा प्रयत्न करा, आणि काम बंद करतो. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला: शिशुपाल! परिच्छेद नीट संपला तर मोजणी पुन्हा शून्यावर येते. शिशुपालाला ती सोय नव्हती.

जुना जुळारी :
आणि तो ग्लू? डिंक म्हणू नकोस हां. शब्दांमधली जागा ना ती? आमची स्पेस शिशाची, ताणता येत नसे. ओळ भरली नाही की बारीक स्पेसा खुपसत बसायचं.

खाडीपलीकडचा :
तीच जागा, काका. तिला तीन आकडे असतात: मूळ रुंदी, किती सैलावेल आणि किती आवळेल. चिकटणं त्यात नाहीच. क्नूथनीही म्हटलंय की ती खरी स्प्रिंगसारखी वागते, पण ग्लू हे नाव चिकटून बसलं. मी 'सैल' असं नाम करायच्या विचारात आहे: 'दोन शब्दांतली सैल'.

मालवणी मसालो :
'ढील' घ्या. जाळ्याला देतात, पतंगाला देतात. ओढलीत तर आवळते.

जुना जुळारी :
ढील चांगला. सैल विशेषण आहे, ओढूनताणून नाम होतंय.

खाडीपलीकडचा :
ढील ठरलं. पायलीबद्दल बाईंचा होकार अजून आलेला नाही, पण रविवारच्या वर्गाला मी ती एसटीतून घेऊन जातोय. आत अधोली आहे, अधोलीत शेर. शेरात सध्या आईने लसूण ठेवलाय, तेवढा काढून घेतो.