खुलासा असमाधानकारक आला, आता थेट बडतर्फ करता येईल का?

वेर्णा_एचआर
गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकेजिंगचा कारखाना, साडेतीनशेच्या आसपास कामगार, प्रमाणित स्थायी आदेश (कारखान्याचे सरकारमान्य सेवा-शिस्तीचे नियम) आहेत. रात्रपाळीत एका ऑपरेटरने सुपरवायझरला शिवीगाळ केली, अंगावर धावून गेला. कारणे दाखवा नोटिशीला ‘असे काही घडलेच नाही’ एवढेच उत्तर आले. सध्या निलंबित आहे. मालक म्हणतात, सीसीटीव्हीत सगळे दिसते, चौकशीचा घोळ कशाला?

फोंडेकर
थेट पत्र दिलेत तर कामगार न्यायालयात सगळे पुरावे पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतील, आणि तोवर सुपरवायझर नोकरी सोडून गेलेला असतो. आरोप नाकारलाय म्हणजे चौकशी आलीच.

आधी आरोपपत्र नीट करा. ‘गैरवर्तन केले’ असले मोघम नको. तारीख, वेळ, कोणते मशीन, कोण हजर होते, आणि शिवी जशीच्या तशी. कोकणीत दिली असेल तर कोकणीतच लिहा. ‘अर्वाच्य भाषा’ म्हणून भागत नाही, कारण नेमके काय बोलला हे कळल्याशिवाय तो बचाव कशाचा करणार? स्थायी आदेशातले कलम घाला. ‘आपण दोषी आहात’ मात्र लिहू नका. तिथेच पूर्वग्रह दिसतो. जुन्या मेमोंचा शिक्षेसाठी आधार घेणार असाल तर तेही आरोपपत्रातच सांगा.

निलंबनाच्या काळात द्यायचा निर्वाह भत्ता चुकवू नका: पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, पुढे विलंब त्याच्यामुळे नसेल तर 75. भत्ता थकल्यामुळे त्याला चौकशीला येता आले नाही असे ठरले, तर सगळी चौकशी पाण्यात.

नैसर्गिक_न्याय
सीसीटीव्हीबद्दल. डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) जुने चित्रण आपोआप पुसले जाते, तेव्हा आजच काढून ठेवा. ज्याने काढले तो साक्षीदार म्हणून हवा, क्लिप कामगारासमोर चालवायची आणि प्रत त्यालाही द्यायची. बहुतेक कॅमेऱ्यांत आवाज नसतो, म्हणजे शिवी सिद्ध होणार ती सुपरवायझर आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या तोंडूनच.

साक्षीचा क्रम महत्त्वाचा. आधी व्यवस्थापनाचे साक्षीदार, कामगारासमक्ष, प्रत्येकाची उलटतपासणी, मग कामगाराचे. हजेरी लागताच त्यालाच ‘तू हे केलेस का?’ म्हणून उलटसुलट विचारायला बसणारे चौकशी अधिकारी अजून भेटतात. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, प्रत त्याच दिवशी हातात. कर्नाटक-ओडिशाचा कामगार असेल तर त्याला कळेल त्या भाषेत समजावल्याची नोंद करा. घटना पाहिलेल्या मॅनेजरला चौकशी अधिकारी नेमू नका.

वेर्णा_एचआर
तो वकील आणायचा म्हणतो. आणि नोटीस घेतच नाही.

फोंडेकर
सहसा सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी चालतो, वकिलाचा हक्क नसतो. पण तुमच्या बाजूने कायद्याचा जाणकार उभा केलात आणि कामगाराला वकील नाकारलात, तर चौकशी टिकणार नाही. मुंबई बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तुमच्याकडूनही साधा खात्यातला माणूस ठेवा.

नोटीस भाड्याच्या खोलीच्या आणि गावच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलेले पाकीट न फोडता फाइलला लावा. कारखान्याच्या सूचनाफलकावर लावा, स्थानिक वर्तमानपत्रात द्या. तरी आला नाही तर एकतर्फी चालवा, पण साक्षी घ्याच. ‘आला नाही, म्हणून आरोप सिद्ध’ असे होत नाही.

नैसर्गिक_न्याय
अहवालात नुसता निष्कर्ष नको, कारणे हवीत. प्रत त्याला देऊन म्हणणे मागवा, मगच शिक्षा. मारहाण झालेली नसेल, मागची नोंद स्वच्छ असेल, तर बडतर्फी जड वाटून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. वेतनवाढ रोखणे आधी तपासा.

आणखी एक. युनियनचा पगारवाढीचा वाद समेट अधिकाऱ्यापुढे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) किंवा पणजीच्या न्यायाधिकरणापुढे चालू आहे का? असेल तर, त्या वादाशी संबंध नसलेल्या प्रकरणातही, बडतर्फीबरोबरच एक महिन्याचे वेतन द्यायचे आणि जिथे वाद चालू आहे तिथेच मंजुरीचा अर्ज करायचा. तो संरक्षित कामगार (वादाच्या काळात कायद्याने जादा संरक्षण दिलेला युनियनचा पदाधिकारी) असेल तर आधी तिथूनच लेखी परवानगी, मग बडतर्फीचे पत्र.