रात्री घोड्याला वेण्या घालून टोपरं चढवा, हा सल्ला कृपया देऊ नका

खाडीवारा (ठाणे)
काल इथे बेलापूरकरांनी लिहिलं, "शोच्या आदल्या संध्याकाळी आयाळीच्या वेण्या घाला, वरून लायक्राचं टोपरं चढवा आणि निवांत झोपा. सकाळी घोडा तयार." (टोपरं म्हणजे घोड्याच्या डोक्या-मानेवर चढवायचा ताणणारा बुरखा, शो म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धा.) तीनदा वाचलं, तिन्ही वेळा डोकं फिरलं. मुलांना नुकतंच रायडिंगला घातलेले आईबाप हे वाचून तसंच करतील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी हे केलेलं आहे. जानेवारीतली गोष्ट. माझ्या कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडीला रात्री आठ वाजता सतरा वेण्या घातल्या. लोकरीचा दोरा पेडात गुंफून, दाभणाने मुळाशी शिवून, एकेक अंबाडा सुपारीएवढा. टोपरं चढवलं आणि घरी गेले. पहाटे चारला बॅटरी मारली तर टोपरं घसरून छातीशी गोळा झालेलं, पाच वेण्या उपसलेल्या, भिंतीच्या चुन्यात काळ्या केसांचे पुंजके. मानेच्या मधोमध चार बोटं टक्कल. पुढे ते केस आले तेही दात घासायच्या ब्रशसारखे ताठ. ती जागा झाकायला मी पुढचा अख्खा सीझन शेजारची बट ओढून आणत होते.

गॅदरिंगच्या आदल्या रात्री आजीने घट्ट वेण्या घातल्या की टाळू कसा ठणकायचा, आठवा. आपण उठून रिबन सैल करायचो. घोडीजवळ फक्त भिंत आहे. गवताला मान खाली घातली की प्रत्येक वेणी ताणते, टोपऱ्याखाली घाम धरतो, आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा. वेण्या पहाटेच घाला.

बेलापूरकर
ताई, माझं नाव घेऊन लिहिलंत, तर उत्तरही ऐका. आमचा ट्रक महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जायला पहाटे साडेतीनला निघतो. सातला स्पर्धेचा पहिला क्लास, म्हणजे पहिली फेरी. तिथे उतरवायचं, फिरवायचं, पाणी दाखवायचं. वेण्या कधी घालू, ऐरोलीच्या पुलावर? आठ वर्षं मी रात्रीच घालतोय आणि माझ्या घोड्याचा एक केस गेलेला नाही. मात्र तीन दिवस आधी धुऊन घेतो. नुकत्याच धुतलेल्या केसात दोरा सरकतो, तेल लावलं तर विचारूच नका. गवताची उंचावरची जाळी काढतो, नाहीतर सगळी काडी आयाळीत पडते. टोपरं कानामागे सैल ठेवतो. तुमचं नायलॉनचं असणार. दोष टोपऱ्याचा नाही, मापाचा आहे.

दोरा_की_रबर
दोघंही दोऱ्यावाले दिसताय, म्हणून सांगतो. आमच्याकडे सगळे रबरबँड लावतात. वीस मिनिटांत मान पूर्ण. पण सोडताना कात्री घालतात आणि रबराबरोबर केस कापतात. निम्म्या घोड्यांची आयाळ रात्रीच्या घासण्याने नाही, शो संपल्यावर घरी पळायच्या घाईने गेलेली आहे. यावर कोणी का बोलत नाही?

खाडीवारा (ठाणे)
बोलू, पण वेगळा धागा काढा.
बेलापूरकर, टोपरं लायक्राचंच होतं आणि मापाचंही होतं. तुमचा घोडा थंड डोक्याचा असेल. माझी घोडी थरोब्रेड आहे, शर्यतीच्या तापट जातीची, मानेवर माशी बसली तरी थरथरते.

मोतद्दाराचा_मुलगा (कळवा)
मला यात बोलायचं नव्हतं. पण "निवांत झोपा" हे दोन शब्द खुपले.

कोण झोपतं साहेब? माझे वडील तीस वर्षं मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखायचे. शोच्या आदल्या रात्री मालक आठला वेण्या बघून "छान" म्हणून जायचे. वडील तबेल्याच्या दारात गोणपाट टाकून बसायचे. घोडा मान घासायला लागला की उठायचे, तळहाताने वेण्यांच्या मधली कातडी चोळायचे, तो शांत झाला की परत बसायचे. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण खरी गाढ झोप त्याला आडवं पडूनच लागते, आणि आडवा पडला की मान भुशात. म्हणजे तो आडवा झाला की वडील उभे. पहाटे कपाळावरची झुलपं नव्याने बांधायची, भुसा वेचायचा, दोनला चंदी (घोड्याचा दाणा), साडेतीनला ट्रक. आठ वर्षांत तुमचा एक केस गेला नसेल, तर तो कुणी राखला तेही लिहा.

बेलापूरकर
हे अति झालं. माझ्या मोतद्दाराला मी शोच्या रात्रीचे वेगळे पैसे देतो. तुम्ही मला ओळखत नाही.

मोतद्दाराचा_मुलगा (कळवा)
किती देता ते मी विचारलं नाही. तुमच्या सल्ल्यात तो माणूसच नव्हता, एवढंच म्हणालो. नवा वाचणारा समजेल की टोपरं घातलं की काम झालं.

तापीकाठ (सध्या कोपरखैरणे)
मुळात वेण्या कशाला? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला या. मारवाडी घोडे बघा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, आयाळ मोकळी, खांद्यापर्यंत. वाऱ्यावर उडते तेव्हा माणसं बाजूला होतात. माशा हाकलायला देवाने दिलेले केस तुम्ही साहेबांच्या रीतीने गुंडाळता आणि वरून त्याच्यावर भांडता.

खाडीवारा (ठाणे)
दादा, सारंगखेड्याचा मलाही अभिमान आहे. पण ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, मानेची कमान, तिचे स्नायू दिसावेत म्हणून आयाळ आवरतात. पोलोत तर स्टिकमध्ये आणि लगामात अडकू नये म्हणून भादरूनच टाकतात. प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी. माझा आग्रह एवढाच की गरज घोड्याच्या अंगावर उठू नये. नाकाभोवतीच्या मिशा कापून तोंड गुळगुळीत करायची पद्धत सगळीकडे होती. घोड्याला त्या मिशांनी जवळचं कळतं, म्हणून एफईआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, १ जुलै २०२१ पासून ते बंद केलं. काही बिघडलं का? शो चालूच आहेत.

वरातवाली (डोंबिवली)
आमच्या लग्नाच्या घोड्या. रोज वेण्या, गोंडे, जरीच्या फिती. चारला बांधतो, वरात संपली की तिथेच, मंडपाच्या मागे सोडतो, मग रात्रीचा एक वाजो. हा सासऱ्यांचा नियम. एकदा दमून तशीच बांधून ठेवली, सकाळी खुंटा घासून घासून गुळगुळीत. आणि ज्यांची घोडी वेणी नसतानाही मान घासते, त्यांनी आधी चिलटं बघा. संध्याकाळी आणि पहाटे खाडीकडून येतात, मानेच्या मुळाशीच चावतात. आम्ही पंखा लावतो. चिलटाला जोराच्या वाऱ्यात उडता येत नाही. पंखा लावल्यापासून घासणं निम्म्यावर आलं.

बेलापूरकर
पंख्याचं मान्य. ते मला सुचलं नव्हतं.

दोरा_की_रबर
आणि रबराचं?

बेलापूरकर
रबर मी वापरतच नाही हो! दोरा, आणि शिवण उसवायच्या हत्याराने सोडतो. कात्री तबेल्यात आणू देत नाही.

मोतद्दाराच्या मुलाला: रात्रभर विचार केला. तुमच्या वडिलांसारखाच एक माणूस माझ्याकडे आहे आणि मी त्याला कधी विचारलं नाही की माझ्यामागे रात्री काय होतं. आज विचारलं. म्हणाला, "साहेब, बारा ते तीन मी मानेवर हात ठेवूनच असतो." सल्ल्यातले "निवांत झोपा" हे शब्द मी काढून टाकलेत. पण साडेतीनच्या ट्रकचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मोतद्दाराचा_मुलगा (कळवा)
वडिलांना विचारून लिहितो. रात्री फक्त तयारी करा. आयाळ ओली करून उजव्या बाजूला बसवा, बटा मोजून सैल बांधा, दोऱ्याचे तुकडे कापून खिळ्याला लटकवा. दोनला चंदी खाऊन झाली की घालायला घ्या. हात बसलेला असेल तर तासाभरात होतं, दोघं असतील तर त्याहून लवकर. एकाने मानेच्या वरच्या टोकापासून, दुसऱ्याने खांद्याकडून. मधल्या वेणीशी दोघांचा ताण जुळायला हवा, नाहीतर तिथेच सुटते.

बेलापूरकर
दोघं. म्हणजे मी दोनला उठायचं.

खाडीवारा (ठाणे)
हो.
शनिवारी माझी घोडी जात नाहीये. घोडबंदरहून दोनला मी पोचते, खांद्याकडून मी घेते. टोपरं घोडा ट्रकमध्ये चढल्यावर घाला, तेवढ्याला माझी ना नाही. दाभण माझ्याकडे एकच आहे, तुमचं काढून ठेवा.