जाळीच्या शालीत १३ ओळी खाली दोरा घ्यायचा राहिलाय. उसवू का?

आईला पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतील. तिच्यासाठी लेसची शाल विणतेय. स्वेटर, टोपरी, मोजे बरेच विणलेत, पण इतक्या बारीक लोकरीवर जाळी पहिल्यांदाच.

लोकर मेरिनो, १०० ग्रॅमला ८०० मीटर. गोल सुई, ४ मिमी. वीण 'ओल्ड शेल', स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरची. १८ टाक्यांची एक लाट आणि चार ओळींची नक्षी. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, चौथी परत सुलट. जाळी फक्त तिसरीत: दोन टाके एकत्र असं तीनदा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, परत दोन एकत्र तीनदा. सहा टाके कमी होतात, सहाच वाढतात. पाच लाटा आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके, एकूण ९६.

१२३व्या ओळीत तिसऱ्या लाटेत एकदा दोरा घ्यायचा राहिला. तेव्हा कळलं नाही. १२७व्या ओळीच्या शेवटी कडेला तीनऐवजी दोनच टाके उरले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कुठे बिनसलं ते न शोधता मी कडेला एक टाका वाढवला आणि पुढे गेले. आता १३६ ओळी झाल्यात. काल शाल खिडकीपाशी धरली तर चौथी आणि पाचवी लाट एका टाक्याने डावीकडे सरकलेली दिसली. भोकांवर भोकं बसत नाहीत.

आईने मला आठव्या वर्षी सुया धरायला शिकवलं. विणलेलं काही हातात आलं की ती आधी उलटी बाजू बघते, मग अंगठा फिरवत कडेपर्यंत जाते. संधिवातामुळे आता तिला विणता येत नाही, पण बोटांना सगळं कळतं. ती बोलणार काहीच नाही. अंगठा तिथे थांबेल.

लाइफलाइनचा दोरा (उसवताना टाके पळू नयेत म्हणून एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून ओवलेला) घातलाय तो १००व्या ओळीत. तिथपर्यंत उसवायचं तर ३६ ओळी जातात. मधेच सुई काढली तर जाळीतले टाके धरता येतील का? एकत्र विणलेले दोन टाके सुटून खाली पळतात, याची मला फार भीती वाटते. मागे एकच टाका निसटला होता, तो दोन ओळी खाली गेला तेव्हा सेफ्टी पिनेत अडकवून कसाबसा वाचवला. की धुऊन ताणल्यावर ही चूक झाकली जाईल? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
झाकली जाणार नाही, उलट जास्त दिसेल. ओली करून टाचण्यांनी ताणली की भोकं उघडतात आणि लाटांच्या रेषा स्पष्ट होतात. शेटलंडमध्येही शाली धुऊन लाकडी चौकटीवर ताणूनच वाळवतात. उन्स्ट बेटावरच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या शालींची जाळी उठून दिसते ती त्यामुळेच. तरी एका टाक्याची सरक लांबून कोणाला कळणार नाही, हेही खरं. परक्या कोणासाठी असती तर मी उसवली नसती.

प्रतिसाद २
१००व्या ओळीपर्यंत जायची गरज नाही. शाल सुईवरच राहू दे. १२२वी ओळ शोध, ती साधी आहे, तिच्यात ना भोक ना जोड. २.५ मिमीची बारीक सुई घे आणि सुलट बाजूने त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय (V सारख्या टाक्याची उजवी बाजू) उचलत जा. ९६ भरले की मगच वरची सुई काढ. उसवताना आपोआप त्या सुईपाशी थांबशील. दिवसाउजेडी कर आणि शालीखाली गडद रंगाची उशी ठेव, म्हणजे टाके नीट दिसतात. मेरिनोचे तंतू एकमेकांत गुंततात, तेव्हा दोरा हिसकू नकोस. अडला की बोटाने मोकळा कर.
आणि दर १८ टाक्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची कडी अडकव. चूक कोणत्या लाटेत आहे ते त्याच ओळीत कळेल.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. आज सकाळी बसले. टाके उचलायलाच पाऊण तास लागला. पहिल्यांदा ९४ भरले, दुसऱ्या लाटेत दोन टाके मागे राहिले होते, ते क्रोशाच्या सुईने घेतले. मग १४ ओळी उसवल्या. चार ठिकाणी दोरा अडकला, तुटला कुठेच नाही. लाल दोऱ्याच्या कड्या अडकवल्यात आणि नवीन लाइफलाइन १२२व्या ओळीत घातलीय. १२३वी ओळ परत विणून झाली, तिसऱ्या लाटेत सहा भोकं आहेत.