उन्हाळ्यात अंगावरून काढावंसं वाटणार नाही असं रायडिंग जॅकेट कसं निवडावं?

धूळवाट

माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन ७६ किलोमीटरचा. निम्मा हायवे, निम्मा शहरातल्या गर्दीतून. सकाळी जाताना हवा बरी असते, पण परत निघतो दुपारी तीनला आणि उन्हाळ्यात त्या वेळी पारा ४० च्या वर असतो. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेलं टेक्स्टाइल जॅकेट आहे. जाड कापड, आत कायमचं शिवलेलं वॉटरप्रूफ अस्तर, छातीवर हवेसाठी चेनच्या दोन चिंचोळ्या फटी. सकाळी ते घालतो. दुपारी दोन सिग्नल झाले की आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला होतो, डोकं गरगरतं. म्हणून महिनाभर ते जॅकेट काढून मागच्या सीटला बांधून आणत होतो.

मागच्या आठवड्यात वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून पुढचं चाक सटकलं. वेग पंचवीस-तीसच असेल. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं, खांदा अजून पूर्ण वर जात नाही. जखमेतले खडे ब्रशने घासून काढत होते तेव्हा माझी मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. सीटला बांधलेल्या जॅकेटवर मात्र ओरखडाही नाही.

आता जॅकेट न घालता निघायचं नाही हे ठरलंय. पण जाळीची जॅकेटं हातात घेतली की वाटतं, हे रस्त्यावर टिकेल का? लेबलांवर ए, एए, लेव्हल १, लेव्हल २ असं काय काय असतं, त्यातलं बघायचं काय? लेदरचा विचार करावा का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावं.

भटकी

खांद्याचा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करून घ्या. हात वर जात नाही म्हणताय, हे अंगावर काढू नका.

मी चौदा वर्षं चालवतेय आणि त्यातली निम्मी वर्षं जाळीच्या जॅकेटात गेली. त्यात एकदा पडलेही. साठच्या आसपास वेग होता, उजव्या कुशीवर पडून बरंच अंतर घसरत गेले. खांद्याचं आणि कोपराचं कापड पांढरं पडलं, एके ठिकाणी आतलं आर्मर, म्हणजे धक्का झेलणारा जाड तुकडा, दिसायला लागलं. दंडाच्या आतल्या बाजूची जाळी फाटली, तिथे बोटभर खरचटलं. बाकी कातडी शाबूत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की जाळी कुठे आहे ते बघा. माणूस पडतो तो खांद्यावर, कोपरावर, पाठीच्या वरच्या भागावर. त्या जागी घट्ट विणीचं जाड कापड हवं, जमल्यास दुहेरी. छाती, पोट, दंडाची आतली बाजू, बगलेखालचा भाग इथे जाळी चालते. काही स्वस्त जॅकेटांत खांद्यापासून मनगटापर्यंत सगळी जाळीच असते आणि कोपरावर नुसता नक्षीचा रबरी तुकडा चिकटवलेला असतो. ते घेऊ नका.

आता लेबल. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि ईएन १७०९२ असा आकडा शोधा. हे युरोपचं २०२० सालचं मानक आहे. त्यात एएए सर्वांत वरचा वर्ग, मग एए, मग ए. घासण्याच्या चाचणीत सर्वांत धोक्याच्या जागचं कापड एएए साठी सुमारे १२०, एए साठी ७० आणि ए साठी ४५ किलोमीटर वेगाच्या तोडीचं घर्षण सोसतं. याचा अर्थ १२० ने पडलात तरी काही होणार नाही असा मात्र घेऊ नका, ती चाचणी यंत्रावर होते. पण कापडाची आपसात तुलना करायला हे आकडे उपयोगी पडतात. बी वर्ग म्हणजे घर्षणाला ए इतकंच, पण आत आर्मर नाही. सी वर्ग म्हणजे फक्त आर्मर धरून ठेवणारी जाळीची बंडी, ती दुसऱ्या कपड्यासोबत घालायची असते. एकटी घातली तर घसरण्यापासून वाचवत नाही. दुकानात ती पुष्कळदा 'उन्हाळी जॅकेट' म्हणून पुढे केली जाते, तिथे सावध राहा.

निम्मा हायवे असलेल्या माणसाला मी एए च्या खाली जायला सांगणार नाही. जाळीत एए मिळायला थोडं शोधावं लागतं, पण मिळतं.

आर्मरचं लेबल वेगळं. खांदा आणि कोपराच्या तुकड्यांवर ईएन १६२१-१, पाठीच्या तुकड्यावर ईएन १६२१-२, छातीच्या तुकड्यावर ईएन १६२१-३. चाचणीत ५० ज्यूलचा तडाखा देतात आणि पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात. खांदा-कोपरासाठी लेव्हल १ म्हणजे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप, आकडा कमी तितकं चांगलं), लेव्हल २ म्हणजे २० पर्यंत. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. म्हणजे पाठीच्या लेव्हल २ मध्ये जोर निम्म्यावर येतो. मी पाठीच्या बाबतीत तडजोड करत नाही.

आणि हे तर नक्की तपासा: पाठीच्या खिशात हात घालून आतला तुकडा बाहेर काढा. बहुतेक वेळा तिथे नुसता फोम निघतो. त्यावर कसलाही आकडा नसतो, गादीच्या फोमसारखा दाबला जातो. तो फक्त जॅकेटचा आकार नीट दिसावा म्हणून असतो. माझ्या पहिल्या जॅकेटात तीन वर्षं तोच फोम होता आणि मी स्वतःला सुरक्षित समजत होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तुमच्या उन्हाच्या दृष्टीने अजून एक. मऊ, वाकणारं आर्मर उष्णतेत आणखी मऊ होतं. म्हणून त्यावर टी+ ही खूण बघा, म्हणजे ते ४० अंशांनाही तपासलेलं आहे. ही चाचणी ऐच्छिक असते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर खूण सापडणार नाही. तुमच्यासारख्या दुपारच्या प्रवाशाने मात्र ती शोधावीच.

लेदर घासण्याला उत्तम, यात वाद नाही. छिद्रं पाडलेलं लेदर चालत्या गाडीवर बरं वाटतं. पण सिग्नलला उभं राहिलात की ते तापतं, आणि रोज घामाने भिजून वाळलं की कडक होत जातं. रोजच्या ७६ किलोमीटरसाठी मी सुचवणार नाही.

सुईदोरा

मी रायडिंगच्या कपड्यांची दुरुस्ती करतो. पडलेल्या माणसांची जॅकेटं माझ्या टेबलावर येतात, त्यावरून सांगतो.

कापड टिकलेलं असतं आणि शिवण उसवलेली असते, असं मी बरेचदा बघतो. शिवण उसवली की कापड कितीही भारी असलं तरी तिथून अंग उघडं पडतं. म्हणून जॅकेट उलटं करून बघा. खांद्याच्या आणि बाहीच्या मागच्या शिवणीवर टाक्यांच्या किमान दोन ओळी हव्यात, त्यातली एक आत दडलेली. बाहेर दिसणारा दोरा सगळ्यांत आधी घासून जातो, आतला मग धरून ठेवतो. दोन्ही बाजूंनी कापड हातात धरून ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या.

डेनियरच्या आकड्याला फार भुलू नका. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस. ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा ५०० डेनियरचं कॉर्ड्युरा (मजबूत विणीच्या कापडाचा ब्रँड) नायलॉन जास्त घासलं जातं असं समजू नका, उलट तेच जास्त टिकतं. धागा कशाचा आणि वीण कशी, हे महत्त्वाचं. डांबरावर घसरताना उष्णता तयार होते, आणि साधं पॉलिएस्टर साधारण २६० अंशांना वितळतं. वितळलेलं जाळीचं कापड कातडीला चिकटलेलं मी पाहिलंय. केवलारसारखं अरामिड (फार मजबूत कृत्रिम धागा) वितळत नाही, पण उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की कमजोर होतं, म्हणून ते आतल्या थरात असलेलं बरं.

चेन धातूची असेल तर तिच्या आत कापडाची पट्टी हवी. आणि कंबरेला पँटशी जोडायची चेन असेल तर ती वापरा. पडल्यावर जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडते, ती जखम फार वाईट.

धूळवाट

दोघांचेही मनापासून आभार. एक्स-रे झाला, हाड ठीक आहे, स्नायू दुखावलाय.

काल जुन्या जॅकेटाच्या पाठीचा खिसा उघडला. फोमच निघाला.

आज तीन जॅकेटं घालून पाहिली. एक एए वर्गातलं जाळीचं आवडलं, पण हात हँडलला धरल्यासारखे पुढे केले की कोपराचं आर्मर बाहेरच्या बाजूला फिरतं. उभं राहिल्यावर बरोबर बसतं. दुकानदार म्हणाला वापरून सैल झालं की ठीक होईल. आणि मुख्य शंका तशीच आहे: ४२-४३ अंशांत जाळीतूनसुद्धा भट्टीचीच हवा येणार ना? ओली करून घालायची बंडी मिळते, ती कामाची आहे का?

भटकी

ते जॅकेट घेऊ नका. सैल झालं की आर्मर आणखी फिरेल. दुकानात गाडी असेल तर तिच्यावर बसून, नसेल तर खुर्चीवर उलटं बसून खुर्चीच्या पाठीला हात टेकवून बघा. दुसऱ्याला कोपराचा तुकडा धरून पिळायला सांगा. जागेवरून हलला तर पडतानाही हलणार. दंडाला आणि मनगटाजवळ आवळायचे पट्टे असतील तर एक माप लहान घेऊन पट्ट्यांनी जुळवता येतं. आत पातळ एकच कपडा असताना जॅकेट अंगाला लागून हवं. उन्हाळी जॅकेट मोकळं घेण्याची चूक खूप जण करतात, हवा खेळेल म्हणून.

उष्णतेबद्दल तुमचं बरोबर आहे. कातडीचं तापमान पस्तिशीच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला थंड करत नाही, तापवतो. तेव्हा फक्त घाम सुकण्याचाच आधार उरतो. एक लिटर पाणी अंगावर पूर्ण सुकलं तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. टपकून गेलेल्या घामाचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. म्हणूनच नुसत्या टी-शर्टात थंड वाटतं हा भ्रम आहे: घाम झपाट्याने उडतो, शरीर कोरडं पडतं, ऊन थेट कातडीवर येतं. ४२ अंशांत मी जाळीच्या आत लांब बाह्यांचा सिंथेटिक शर्ट पाण्याने भिजवून घालते. सुती नाही, सुती कापड पाणी धरून बसतं आणि काखेत कापतं. पाऊण तासात शर्ट सुकतो, तुमच्या ३८ किलोमीटरला साधारण तेवढाच वेळ लागत असेल.

हवेला शिरायला जागा हवी तशी निघायलाही हवी. पाठीवर बाहेर पडायची जाळी किंवा फट आहे का बघा, आणि तिच्यावर सॅक घालू नका. सॅक टाकीवर किंवा मागे बांधा.

खारा वारा

ओल्या बंडीबद्दल एक भर घालतो, कारण मी दमट हवेत चालवतो. कोरड्या उष्णतेत भटकी सांगतात ते अगदी खरं. पण हवेतच भरपूर ओलावा असेल तर पाणी सुकतच नाही, बंडी ओलं फडकं होऊन अंगाला चिकटते आणि उलट जास्त उकडतं. इथे मी कोरडी, हलकी जाळी घालतो आणि जास्त वेळा थांबतो. तुमची हवा कोरडी आहे का, ते एकदा ओला रुमाल सावलीत टांगून बघा, किती वेळात सुकतो ते.

पावसासाठी आतलं अस्तर असलेलं जॅकेट घेऊ नका. अस्तर आत असलं की बाहेरची सगळी जाळी भिजते आणि ओलं ओझं अंगावर राहतं. वेगळा रेनकोट जॅकेटवरून घाला. रंग फिकट घ्या, उभ्या उन्हात काळं कापड हाताला चटका देतं, शिवाय संध्याकाळी फिकट रंग ट्रकवाल्याला लवकर दिसतो.

सुईदोरा

धुताना आर्मरचे सगळे तुकडे आधी काढा, आणि ते उन्हात वाळवू नका. परत घालताना डावा-उजवा बदलला तर कोपराचा तुकडा उलटा बसतो. आतून पेनाने खूण करून ठेवा.

धूळवाट

रुमाल सावलीत अठरा मिनिटांत सुकला. म्हणजे ओला शर्ट चालेल.

दुसरं एक जॅकेट मिळालं. एए वर्ग, फिकट राखाडी, खांदा-कोपर जाड कापडाचे, लेव्हल २, टी+ ची खूण आहे. पाठीचा तुकडा वेगळा घेतला, तोही लेव्हल २. खुर्चीवर उलटा बसलो तेव्हा मुलीनेच कोपर पिळून पाहिलं. हललं नाही. खांदा बरा झाला की पहिल्या दुपारचा अनुभव इथेच लिहीन.