किलर टी सेलला पेशीच्या आत लपलेला व्हायरस दिसतो कसा?

बांद्याचो_झिल
बारावी सायन्सला आहे. आमच्या बांदा-दोडामार्ग साईडला काजूच्या सीझनमध्ये गोचीड चावून माकडताप होतो, तो व्हायरसचाच, त्यावरून हा विषय डोक्यात बसलाय. व्हायरस एकदा पेशीत घुसला की अँटीबॉडी त्याच्यापर्यंत पोचत नाही, मग किलर टी सेलला, म्हणजे व्हायरस लागलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशीला, बाहेरून कसं कळतं की हीच पेशी बिघडलीय? आणि बाजूची चांगली पेशी मरत कशी नाही? नोट्समध्ये नुसतं 'नष्ट करतात' एवढंच दिलंय.

लॅबवाली_रत्नागिरी
अरे ती आत बघतच नाही! पेशी स्वतःच आतला माल बाहेर मांडते. मिरकरवाडा बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी होडीत कोण उतरत नाही ना, टोपली बाहेर ओततात आणि बघणारा बघतो, तसंच. आत जे प्रोटीन बनतं त्यातलं थोडं प्रोटिआसोम (पेशीतलं प्रोटीन कापणारं यंत्र) बारीक चिरतं, साधारण 8 ते 10 अमिनो अ‍ॅसिडचे तुकडे, ते एमएचसी क्लास वन नावाच्या रेणूच्या खाचेत बसून पृष्ठभागावर येतात. बहुतेक तुकडे घरचेच असतात आणि घरच्यांवर जोरात चिडणाऱ्या टी सेल थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, जिथे टी सेल तयार होतात) बऱ्यापैकी बाद होतात. व्हायरसचा तुकडा आला की ज्या टी सेलचा रिसेप्टर (तुकडा ओळखणारा पृष्ठभागावरचा रेणू) त्याला जुळतो तीच पकडते.
पण नुसता तुकडा चालत नाही, एमएचसी पण आपलंच लागतं. हे डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला उंदरांवर दाखवलं, 1974 चं काम, नोबेल 1996 ला. माझ्या मते या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच, आणि शिकवताना हीच गाळतात.

दापोली_मास्तर
मारायचं मी सांगतो. टी सेल चिकटली की आतल्या दाणेदार पिशव्या फिरवून बरोबर चिकटलेल्या बाजूला आणते आणि त्या चिंचोळ्या फटीतच रिकाम्या करते, म्हणून शेजारी वाचतो. त्यातलं परफोरिन नावाचं प्रोटीन भोकं पाडतं, त्या वाटेने ग्रॅन्झाईम नावाची एन्झाईम आत जाऊन पेशीतलीच कॅस्पेस (पेशी मोडणारी एन्झाईम) चालू करतात आणि पेशी आपणच स्वतःला मोडायला घेते, म्हणजे अपॉप्टोसिस. फुटून सगळीकडे सांडत नाही, छोट्या पुड्या होतात त्या मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) गिळतात. टी सेल सुटते नि पुढच्या गिऱ्हाईकाकडे.

बांद्याचो_झिल
मस्त सर 🙏 पण व्हायरसने एमएचसीच वर येऊ दिलं नाही तर?

लॅबवाली_रत्नागिरी
करतात ना, सायटोमेगालोव्हायरस तेच करतो. पण मग एनके सेलना (नॅचरल किलर, मारणाऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) संशय येतो, एमएचसी गायब दिसलं की त्या हात उचलायला मोकळ्या.

मालवणी_खाजा
इतके हुशार तर मगे सुरवातीक खंय असतत हे? ताप इल्यावर जागे होतत काय 😂

दापोली_मास्तर
बरोबर पकडलंत भाऊ 😄 नव्या व्हायरसला जुळणाऱ्या सेल मुळात अगदी मोजक्या, त्यांना आधी लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) डेंड्रिटिक सेलने, म्हणजे तुकडे आणून दाखवणाऱ्या पेशीने, तो तुकडा दाखवावा लागतो, मग त्या दुपटीने वाढत जातात, त्यात काही दिवस मोडतात. तोवर ताप तुमचाच.