जत्रेतला ‘नटसम्राट’ : दोष शारदेचा, की आप्पासाहेबांचा?

प्रॉम्प्टर, फोंडा

परवा याच ठिकाणी एकाने लिहिले की ‘नटसम्राट’ हे सुनांना बदनाम करणारे रडके नाटक आहे, आप्पासाहेब बेलवलकर, म्हणजे आपले सगळे मुलांना वाटून देणारा त्यातला निवृत्त नट, हा पीडित नसून स्वतःच्याच आवाजावर भाळलेला म्हातारा आहे, आणि आमच्या जत्रांतून हे नाटक आता उठवले पाहिजे. असल्या लिखाणाला उत्तर देणे म्हणजे त्याला मान देणे, असे मानून मी दोन दिवस गप्प राहिलो. पण त्याखाली चाळीस जणांनी अंगठे उमटवलेले पाहिल्यावर राहवले नाही.

सत्तावीस वर्षे मी देवळाच्या मंडपात विंगेआड वही आणि टॉर्च घेऊन बसत आलो आहे. हे नाटक मी पाच वेळा केले. पहाटे तीनच्या सुमारास आप्पासाहेबांची बायको कावेरी मरते, तेव्हा खाजे विकणाऱ्या बायका दुकान तसेच टाकून मंडपाच्या कठड्याशी येऊन उभ्या राहतात, हे मी पाहिले आहे. त्या बायका कुणाच्या सुना नव्हत्या काय? नाटककार शिरवाडकरांनी सुनेला, शारदेला खलनायिका केलेले नाही. ती शिस्तीची, संसारी बाई आहे. मुलगा नंदा दुष्ट नाही, दुबळा आहे. मुलगी नलू बापावर चोरीचा आळ घेते, तो घाईने आणि नवऱ्याच्या धास्तीने. कुणीही राक्षस नसताना एक माणूस रस्त्यावर येतो, हेच तर या नाटकाचे भय आहे. आणि ते रंगभूमीवर आणले कुणी? आपल्याच माणसांनी, मुंबईच्या धी गोवा हिंदू असोसिएशनने, २३ डिसेंबर १९७० रोजी. ते गोव्याच्या जत्रेतून उठवा म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी.

वाचक, केपे

ते लिखाण माझे नव्हते, पण चाळिसांतला एक अंगठा माझा होता.

माझे सासरे गावचे नामांकित नट. ‘एकच प्याला’मधला त्यांचा सुधाकर म्हातारी माणसे अजून आठवतात. अकरा वर्षे ते आमच्याकडे होते; घर आपले आणि आम्ही त्यात राहतो, असे ते म्हणत, आणि कागदोपत्री ते खरेही होते. मुलगा दहावीला असताना ते रात्री दोनला उठून स्वगत सुरू करत. शेजारी आले की माझ्या चालण्याची नक्कल करून हशा मिळवत, आणि तो मिळाला की माझ्याकडेच पाहत, जणू मीही टाळी द्यावी. मी त्यांना कधी उलट बोलले नाही. एका जत्रेला आम्ही सगळे हेच नाटक पाहायला बसलो होतो. शारदा मंचावर आली आणि पुढच्या दोन रांगांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

शिरवाडकरांनी काय लिहिले ते मी वाचले आहे, प्रॉम्प्टरबाब; तुमच्या मंडपात काय दिसते ते मी सांगते आहे. शारदेच्या प्रवेशाला ऑर्गनवाला मुद्दाम कर्कश सूर धरतो, ती डोळे वटारतच येते, आणि तिची बाजू मांडणारी वाक्ये नाटक लांबते म्हणून गाळलेली असतात. वही तुमच्या हातात असते ना? मग ती वाक्ये कोण गाळते?

मास्तर, डिचोली

वाक्ये गाळणाऱ्यांवरचा राग लेखकावर काढू नये, बाय.

या नाटकामागे शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ आहे एवढे सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. फरक कुठे आहे ते पाहा. लिअर राज्याच्या वाटणीआधी मुलींकडून प्रेमाची भाषणे वसूल करतो आणि वाटणीनंतरही शंभर सरदार पदरी ठेवण्याचा हक्क राखतो. थोरल्या दोघी तो आकडा पन्नासावर, पंचविसावर आणत अखेर एकाची तरी गरज काय, असे विचारतात. शंभर जणांचा तो धुडगूस ध्यानात घेतला, तर थोरल्या गॉनरिलची पहिली तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. बेलवलकर मात्र मुलांकडून भाषणे मागत नाही की स्वतःसाठी काही राखत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिरवाडकरांनी कॉर्डेलियाच काढून टाकली. बापाला शोधत येणारी प्रेमळ धाकटी लेक इथे नाही. तिच्या वाट्याची माया कावेरी, नोकर विठोबा आणि बूटपॉलिश करणारा राजा यांच्यात विखुरली आहे. मॅकबेथवरून ‘राजमुकुट’ लिहिणाऱ्या आणि ‘ऑथेल्लो’ मराठीत आणणाऱ्या लेखकाने ही जागा नजरचुकीने मोकळी सोडली, असे मी मानत नाही. लिअरला अहंकाराने बुडवले, आप्पासाहेबांना विश्वासाने. तेव्हा ‘स्वतःच्याच आवाजावर भाळलेला’ हे विशेषण लिअरला द्या, बेलवलकरांना नको.

हौशी नट, मडगाव

मास्तर, काही न मागता सर्वस्व देऊन टाकणे हासुद्धा एक प्रवेशच असतो, आणि टाळी घेण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. मी हा माणूस उभा केला आहे, म्हणून सांगतो. वाटणीचा प्रसंग मी मुद्दाम थोडा खोटा, थोडा नाटकी केला, कारण हा मनुष्य घरातही रंगमंचावरून उतरलेला नाही, असे माझे मत होते. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला खोलीबाहेर गाठून सांगितले की ‘बेलवलकर असा नसतो’. म्हणजे डॉ. लागूंसारखा नसतो! पन्नास वर्षांपूर्वीच्या एका थोर नटाची सावली ज्याला जमत नाही त्याला उत्तेजनार्थ प्रमाणपत्रसुद्धा मिळत नाही, आणि मग आपण इथे पात्रांच्या विश्लेषणाच्या गोष्टी करतो.

प्रॉम्प्टर, फोंडा

बक्षीस हुकल्याचे दुःख इथे आणू नका.

लेखनिक, म्हापसा

मी नोटरीच्या कचेरीत आयुष्य काढले, त्यामुळे मला हे नाटक पहिल्याच अंकात अडते. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून पद्धत अशी की लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि अर्धी बायकोची असते. तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही की दान करता येत नाही. स्वतःच्या वाट्यातलासुद्धा अर्धाच भाग मुलेबाळे असलेल्या माणसाला मर्जीप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा, मग तो मुलगा असो वा मुलगी. म्हणजे बेलवलकर गोव्यात असते, तर उदार होण्याआधी त्यांना कावेरीबाईंना घेऊन आमच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर नाटक तिथेच संपले असते.

मास्तर, डिचोली

नाटक महाराष्ट्रात घडते. तिथे तुमचा कायदा लागू नाही, आणि शोकांतिकेला मुद्रांक लागत नाही.

लेखनिक, म्हापसा

मला ठाऊक आहे, मास्तर. पण ताट द्यावे आणि बसायचा पाट देऊ नये, असे कावेरी नवऱ्याला सांगून पाहते आणि तो ते कानावेगळे करतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिथे जो शहाणपणाचा सल्ला ठरतो, तो इथे तिचा हक्क ठरला असता. हा फरक मला लहान वाटत नाही.

वाचक, केपे

लेखनिकबाब, हक्काचे कौतुक फार करू नका. माझ्या वडिलांनी भाट, म्हणजे बागायत, विकायला काढले, तेव्हा आईला तुमच्यासारख्याच एका कचेरीत नेले होते. मी बारा वर्षांची होते आणि बाकावर तिच्या शेजारी बसले होते. तिला कुणी काही विचारले नाही. वडिलांनी कागदावर बोट ठेवून ‘इथे’ एवढेच म्हटले आणि तिने सही केली. परतताना बसमध्ये तिने मला विचारले की विहिरीकडचा फणसही गेला काय. अर्ध्या मालकिणीला फणस गेला की राहिला ते माहीत नव्हते.

लेखनिक, म्हापसा

अशा सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आम्ही वाचून दाखवतो, बाई मान हलवते. पण दोष कायद्याचा नव्हे. उलट लेकींचे म्हणाल, तर लेकी आणि त्यांचे नवरे यांच्या सह्यांवाचून इथे कागद अडतो, म्हणून तर इन्व्हेंतारचे, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे, खटले वर्षानुवर्षे चालतात. आमच्या वाड्यावरच्या एका घराचे छप्पर कोसळले तरी सतरा वारसदारांचे एकमत झाले नाही.

हौशी नट, मडगाव

सतरा कशाला, आमच्याकडे एकवीस आहेत, आणि त्यांतले सहा जण लिस्बनहून पत्रेच धाडत नाहीत. भावाने तर मला विचारल्याशिवाय…

प्रॉम्प्टर, फोंडा

पुरे करा! नाटकावर बोलायला बसलो आणि तुम्ही त्याचे दानपत्र करून टाकलेत. एकाला बक्षीस हवे, एकाला फणस हवा, एकाला सतरा वारसदार हवेत. ज्या माणसाने चाळीस वर्षे रंगभूमीवर झिजून कमावलेले सगळे मुलांच्या ओंजळीत टाकले, त्याच्याविषयी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नाही.

वाचक, केपे

माझ्या आईचा फणस तुम्हाला अवांतर वाटला, ते एका अर्थी बरेच झाले, कारण कावेरीलाही या नाटकावर बोलणारे सगळे अवांतरच समजतात. मी नाटकाबाहेर गेलेले नाही. शारदा की आप्पासाहेब, हा झगडा आपण घालत बसलो. पण ज्या बाईचा संसार तिला न विचारता वाटला गेला, मुलाच्या घरातून मुलीच्या घरी जिची रवानगी झाली आणि जिने प्रत्येक वेळी निमूटपणे गाठोडे बांधले, तिच्या बाजूने या धाग्यात पहिले वाक्य लिहिले ते एका लेखनिकाने, तेही कायद्याच्या निमित्ताने. मास्तर, तुम्ही म्हणता आप्पासाहेबांनी काही मागितले नाही. त्यांनी कावेरीची संमती मागितली नाही, हे त्यातच आले ना? तो तिला ‘सरकार’ म्हणतो. सरकार म्हणायचे आणि राज्य वाटताना विचारायचे नाही!

आणि शेवटचा प्रसंग आठवा. मुले शोधत येतात, तेव्हा मरता मरता हा माणूस सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट, सुधाकर अशा आपल्या भूमिका मोजतो. त्या यादीत बाप नाही आणि नवराही नाही. त्या सुधाकराने दारूपायी आपल्या बायकोचे, सिंधूचे काय केले ते इथे कुणाला सांगायला नको. माझ्या सासऱ्यांनीही अखेरच्या दोन दिवसांत मला ओळखले नाही. त्यांनी मला ‘सिंधू’ म्हणून हाक मारली, आणि मी ‘ओ’ दिली.

मास्तर, डिचोली

शेवटच्या यादीचा हा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. तीस वर्षे मी तो प्रसंग नटाचा विजय म्हणून वर्गात वाचला, आणि अजूनही मला तो निव्वळ पराभव वाटत नाही. तथापि ‘विश्वासाने बुडवले’ हे माझे विधान अपुरे होते, इतके मी मान्य करतो. त्याहून अधिक आज मान्य करणार नाही.

प्रॉम्प्टर, फोंडा

तर मग बाय, तुमचा जय झाला असे समजा. वाक्ये मीच गाळतो. दिग्दर्शक खुणा करतो आणि मी पेन्सिलीने रेघ मारतो, कारण पहाटे पाचच्या आत पडदा पाडावा लागतो आणि स्वगतातला एक शब्द गेला तरी लोक ओरडतात. शारदेचे अख्खे पान गेले तरी आजवर कुणी ओरडलेले नाही. यंदाच्या जत्रेला तेच नाटक ठरले आहे. ते पान मी खोडरबराने मोकळे करीन आणि ऑर्गनवाल्यालाही बजावीन. मात्र तुम्ही पुढच्या रांगेत बसायचे, आणि मध्यंतरात शेव-खाजे घेऊन घरी जायचे नाही.

वाचक, केपे

बसेन. मात्र त्या दोन रांगा माझ्या मागे ठेवा.

लेखनिक, म्हापसा

एक खुलासा राहिला. लग्नाच्या करारातच वेगळी पद्धत ठरलेली असेल, तर वर सांगितलेले नवराबायकोचे अर्धे-अर्धे लागू होत नाही. मडगावकरांनी भावाच्या बाबतीत आधी तो करार शोधावा.