उ: सक्तीचं वाचन आणि संवाद

'विद्यापीठात आलेल्या सगळ्या नव्या मुलांना एकच पुस्तक वाचायला लावायचं आणि वर त्याला संवाद म्हणायचं, ही सक्तीच झाली' हे या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. अर्धं पटलं. पण सक्तीवरून खरोखर कोर्टात गेलेलं एक प्रकरण इथे अजून आलेलं नाही. २००२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने (चॅपल हिल) पहिल्या वर्षाच्या मुलांना मायकल सेल्स यांनी केलेलं कुराणातल्या सगळ्यात आधीच्या काळातल्या सूरांचं (अध्यायांचं) भाषांतर वाचायला दिलं. सोबत पठणाची सीडी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे व्हायचा तो गदारोळ झालाच. एका ख्रिश्चन संघटनेने खटला भरला. युद्धाच्या आयती (कुराणातली वचनं) गाळून गोडगोड तेवढंच निवडलंय, हाही आक्षेप होता, आणि तो मला अगदीच फालतू वाटत नाही. कोर्टाने मात्र कार्यक्रम थांबवायला नकार दिला आणि ऑगस्टमध्ये ठरल्याप्रमाणे गटचर्चा झाल्या.

मला महत्त्वाची वाटते ती विद्यापीठाने काढलेली पळवाट. धार्मिक कारणाने वाचायचं नसेल तर नका वाचू, पण का वाचलं नाही ते एक पानभर लिहून आणा! गुणबिण काही नाहीत. म्हणजे नकाराला जागा होती, फक्त नुसत्या 'नाही'वर भागत नव्हतं. आपल्याकडे असा उपक्रम काढायचा तर पुस्तक कोणतं यावर समिती महिनोन्महिने भांडेल. त्याआधी त्या एका पानाची सोय करा.